‘रिपोर्ट नॉर्मल, बाकी काही नाही’, मग हे होतंय ते काय?

प्रश्न : वय ४३, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सासूबाईंना तीन वर्षांपासून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. आठ-नऊ महिने झाले, छातीत धडधड, जळजळ, मान-खांदे आखडलेले. सासूबाई शांत झोपलेल्या असल्या तरी मला पहाटे साडेतीनला जाग येते. केस मुठीने गळतात, पाळी मागेपुढे होते. वर्गात मुलांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत, त्यामुळे मलाही सासूबाईंसारखंच होणार का, अशी भीती बसली आहे. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, एन्डोस्कोपी सगळं झालं. साखर काठावर, बीपी एकदा १३६/८६, बाकी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका, बाकी काही नाही.” म्हणजे हे सगळं मनाचंच आहे का?

उत्तर :

ताई, “टेन्शन घेऊ नका” हे वाक्य सव्वीस वर्षांच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये मीही शेकडो वेळा बोललोय. बाहेर वीस पेशंट ताटकळलेले असतात, हातातला रिपोर्ट चांगला असतो, आणि ते वाक्य बोललं की सुटल्यासारखं वाटतं. पेशंटला नव्हे, डॉक्टरला. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी केलेल्या तपासण्या योग्यच होत्या. पण “बाकी काही नाही” हे मला मान्य नाही.

रिपोर्ट फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. इकोने सांगितलं, झडपा आणि स्नायू ठीक आहेत. एन्डोस्कोपीने सांगितलं, जठरात व्रण नाही. पहाटे साडेतीनला अंथरुणात पडल्या पडल्या हृदय का धावतंय, हे कुठल्याही यंत्राला कुणी विचारलंच नव्हतं. ‘स्ट्रेस टेस्ट’ नावाच्या तपासणीत पट्ट्यावर चालवतात, तुमच्या घरातल्या रात्री कुणी मोजत नाही.

आता मनाचं की शरीराचं? आपल्या भाषेने हा भेद कधी फारसा मानलेला नाही. तोंडचं पाणी पळालं, हातपाय गार पडले, पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली. हे अलंकार नाहीत, अगदी नेमकी शारीरिक निरीक्षणं आहेत. धोका जाणवला की मेंदू एका क्षणात सिंपथेटिक मज्जासंस्थेला हुकूम सोडतो, मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून अॅड्रिनलीन रक्तात येतं. लाळ आटते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हात गार लागतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचन थांबून राहतं. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला ‘लढा किंवा पळा’ म्हटलं. समोर पिसाळलेला कुत्रा असेल तर ही व्यवस्था अप्रतिम आहे. पाच-दहा मिनिटांत पळून झालं की सगळं मूळ पदावर येतं.

दुसरी यंत्रणा सावकाश चालते. मेंदूतलं हायपोथॅलॅमस शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी पुन्हा अॅड्रिनलला, आणि साधारण वीस-तीस मिनिटांत कॉर्टिसोल वाढतं. कॉर्टिसोल म्हणजे शरीराने स्वतः बनवलेलं स्टेरॉइड. २०२१च्या कोविड लाटेत ज्यांना स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यांची साखर कशी भडकत होती, काहींना त्यातच म्युकरमायकोसिसने कसं गाठलं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. ते डोस मोठे होते, रोजच्या ताणातलं कॉर्टिसोल त्याच्या जवळपासही जात नाही. पण दिशा तीच : साखर वाढवायची, दाह आणि प्रतिकारशक्ती दाबून धरायची, दुरुस्तीची कामं पुढे ढकलायची. घरात लग्नकार्य असलं की आपण भिंतीला ओल आलेली दिसत असूनही ‘कार्य उरकू दे’ म्हणतो, तसंच. तुमच्या घरातलं कार्य तीन वर्षं उरकलेलंच नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, डॉक्टरकीतली नाही. माझ्याकडे आटपाडी, सांगोल्याकडचे डाळिंबवाले बरेच येतात. ‘ताण’ हा शब्द ते माझ्यापेक्षा जास्त वेळा वापरतात. बहर धरायचा म्हणजे बागेला ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची. मग छाटणी, खत आणि पाणी देऊन ताण तोडायचा. ताण बसल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. जमीन हलकी असेल तर थोड्या दिवसांत ताण बसतो, भारी असेल तर जास्त दिवस लागतात. आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, एकदम पाट सोडायचा नाही. मी एकदा एका बागायतदाराला विचारलं, ताण तोडलाच नाही तर? तो हसला. “मग बाग सरपणाला.”

तुमचं दुखणं मला असं दिसतं. ताण वाईट म्हणून तुम्ही आजारी नाही. दहावीचा वर्ग, परीक्षा, सासूबाईंचं करणं, या प्रत्येकाला पुरून उरेल असं शरीर तुमच्याकडे आहे. तीन वर्षांत ताण तोडणारं पाणी आलं नाही, ही खरी अडचण. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ब्रूस मॅकइवन यांनी १९९३ साली या झिजेला ‘अॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. स्वतःला सतत सावरत राहण्याचा खर्च, असा त्याचा साधा अर्थ.

या खर्चाचा हिशेब तुमच्यासारख्याच बायकांवर झालेला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. १९९५ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या, आणि तेवढ्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९.३ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना ४८.७. म्हणजे नऊ दिवसांहून जास्त. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण ती कातडी उशिरा भरून येत होती, ती काय मनाचे खेळ खेळत होती? त्याआधी १९९१ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकून पाहिलं. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना संसर्ग होण्याचं प्रमाण जास्त निघालं. आणि हृदयाचं म्हणाल, तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात भारतही होता. त्यात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्याच रांगेत मानसिक-सामाजिक ताण हार्ट अटॅकचा एक धोका म्हणून उभा राहिला.

तुमच्या तक्रारींकडे येतो.

पहाटेची जाग. कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि उत्तररात्री वर चढायला लागतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. झोपही त्या वेळी उथळ झालेली असते. त्यात तुमच्या कानांना तीन वर्षांची सवय : बाथरूमचं दार वाजलं का, कडी काढली का. सासूबाई झोपल्या तरी पहारेकरी झोपत नाही. जाग येते, मग “आता उद्याचं कसं होणार” हा विचार येतो, आणि धडधड त्या विचारामागून येते. हा क्रम एकदा नीट बघा, निम्मी भीती तिथे कमी होईल.

जळजळ. व्रण नसतानाही जळजळ होऊ शकते. ताणात जठर रिकामं व्हायचा वेग बदलतो, आणि महत्त्वाचं म्हणजे आतड्यांच्या संवेदना मेंदूला मोठ्या ऐकू येतात. तेवढंच आम्ल, पण आग जास्त. त्यावर रात्री साडेनऊला भराभर जेवण आणि दिवसभरात सहा चहा, हेही विचारात घ्या. तुम्ही लिहिलं नाहीये, पण शिक्षकांचे चहा मला माहीत आहेत.

केस. इथे लोक फसतात. ताणानंतरची केसगळती साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसते, म्हणून आज गळणारा केस आजच्या तेलामुळे गळत नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. हे केस बहुतेक वेळा परत येतात. तरी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितलं नसेल तर बघून घ्या.

मान-खांदे यावर जास्त लिहीत नाही. वर्गात फळा आणि घरी सासूबाईंना उचलणं, एवढं पुरेसं आहे. ताणाने आखडलेल्या स्नायूवर ते ओझं पडतं.

साखर आणि बीपी मात्र हलक्यात घेऊ नका. इथे ताण खऱ्याखुऱ्या आजाराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतो. दवाखान्यातल्या एका आकड्यावर मी काही ठरवत नाही. दंडाला बांधायचं यंत्र आणा, पाच मिनिटं टेकून बसा, सकाळी आणि रात्री दोन-दोनदा मोजा, आठवडाभर वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर तो रक्तदाब आहे, ‘टेन्शनचा’ असला तरी. शरीराला त्याचं मूळ कळत नाही, धमनीवर दाब तेवढाच पडतो.

आणि विसरणं. हा तुमचा सगळ्यात घाबरवणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर सगळ्यात सोपं. तुम्हाला नाव ऐनवेळी आठवत नाही, पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आठवतं, हो ना? म्हणजे नाव कपाटात आहे, हात पोचत नव्हता. झोप अपुरी आणि लक्ष चार ठिकाणी असलं की नाव मुळात नीट आत जात नाही, आणि घाईत बाहेरही येत नाही. डिमेन्शियाच्या सुरुवातीला सहसा चित्र उलटं असतं : घरचे काळजीत असतात आणि रुग्ण म्हणतो, मला काही झालेलं नाही. तुमच्या सासूबाईंची पहिली दोन वर्षं आठवून बघा. तुम्ही स्वतः दचकताय, यातच बरंचसं उत्तर आलं.

आता दुसरी बाजू. सगळं ताणावर ढकलणं हा वैद्यकाचा जुना आळस आहे. पोटातल्या अल्सरचं उदाहरण घ्या. काळजी करणाऱ्याला, साहेबाला अल्सर होतो, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. कुणी ऐकेना म्हणून मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह करून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती लोकांनी “काळजी करू नका” ऐकत व्रण सांभाळले असतील, देव जाणे. म्हणून मी पहिल्या भेटीत ‘टेन्शन’ हा शब्द काढत नाही, आधी तपासतो. बायकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण बाईच्या छातीत दुखलं की घरापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना आधी टेन्शनच सुचतं. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होणं, धडधड, झोपमोड यात रजोनिवृत्तीच्या आधीच्या बदलांचाही वाटा असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. दोन कारणं एकाच वेळी असू शकतात, ही साधी गोष्ट आम्ही डॉक्टरही विसरतो.

जिना चढताना छाती दाबल्यासारखी होणं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, गार घाम, दम, चक्कर येऊन पडणं, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही झालं तर हे सगळं वाचलेलं विसरा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. जुने रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून घरी थांबू नका. ‘ऊर फुटणं’ हेसुद्धा नुसतं बोलणं नाही. अचानक मोठ्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा होतो, याचं वर्णन १९९० साली जपानी डॉक्टरांनी केलं आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. बरंचसं सुधारतं, पण पहिल्या तासात ते हार्ट अटॅकपेक्षा वेगळं ओळखता येत नाही.

मग करायचं काय? श्वासाचा उपाय सगळे सांगतात, मीही सांगतो, पण तो पहिला नाही. पहिला उपाय सासूबाईंच्या खोलीत आहे. त्या रात्री का उठतात? लघवीत जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, गुडघेदुखी, दिवसभर डुलक्या, संध्याकाळी वाढणारी बेचैनी ही कारणं डिमेन्शियात नेहमीची असतात आणि त्यांतली बरीचशी आवरता येतात. आठवडाभर त्यांच्या उठण्याच्या वेळा लिहा आणि त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. दुपारी थोडं उन्हात बसवणं, रात्रीची औषधं तपासून घेणं, दाराला घुंगरू बांधणं. असल्या किरकोळ गोष्टींनी सुनेची झोप परत आलेली मी पाहिलीय.

दुसरा उपाय अवघड आहे, कारण त्यात औषध नाही, बोलणं आहे. मिस्टर शनिवारी येतात. शनिवारची रात्र पूर्ण त्यांची. तुम्ही वेगळ्या खोलीत, दार लावून. आई हाक मारेल तर ते उठतील. पहिल्या शनिवारी तुम्हाला झोप लागणार नाही, तुम्ही दोनदा उठून जाल. पहिलं पाणी हलकंच असतं. चौथ्या-पाचव्या शनिवारी लागेल. शिवाय आठवड्यात दोन दुपारी, दोन-दोन तास, नणंद असो, दीर असो की पैसे देऊन ठेवलेली मावशी, कुणीतरी सासूबाईंपाशी. त्या दोन तासांत पेपर तपासायचे नाहीत. लोक काय म्हणतील हे मलाही माहीत आहे, कारण तेच लोक माझ्या दवाखान्यात येऊन तेच म्हणतात. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. हे दिवस काढलेल्या माणसांशी तासभर बोलणं माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा बरं.

इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. पुढच्या अभ्यासांत एक धागा हाती लागला : आपल्या कामावर आपला ताबा किती. तुमच्या चोवीस तासांतला एकही तास तुमच्या ताब्यात नाही. मी दोन तास मागतोय ते विश्रांतीपेक्षा त्या ताब्यासाठी.

आता श्वास. मिनिटाला सहा, म्हणजे साधारण चार-पाच सेकंद आत आणि पाच-सहा बाहेर, दहा मिनिटं. २००१ साली इटलीतल्या एका अभ्यासात दिसलं की रोझरीची म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. गोव्यातली आजी संध्याकाळी माळ ओढते किंवा आपल्याकडे कुणी लयीत हरिपाठ म्हणतं, तेव्हा आणखी काय साधतं ते ज्याचं त्याने ठरवावं. श्वास मात्र लांबतो. पहाटे जाग आली की घड्याळ बघू नका, हे करा. चहा दुपारी चारनंतर बंद, कारण कॅफीनचा अर्धा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. आणि रोज अर्धा तास चालणं, शाळेतून घरी येतानाचं धरलं तरी चालेल.

एक इशारा. मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची अर्धी गोळी’ घेऊ नका, शेजारणीला लागू पडली म्हणून तर नाहीच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पहिल्या आठवड्यात देवासारख्या वाटतात आणि काही महिन्यांत सुटत नाहीत. आधीच घेत असाल तर अचानक बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या. याउलट, दोन आठवडे रोज, बहुतेक वेळ मन खिन्न राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, रडू येत असेल, तर तो नुसता ताण नाही, नैराश्य असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात, पण अल्प्राझोलामसारखी सवय त्यांची लागत नाही. हे सगळं संपावं, असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बीपीची वही सुरू कराल तेव्हा मागच्या पानापासून आणखी एक नोंद ठेवा. आज कुठला वेळ पूर्ण माझा होता, किती मिनिटं, आणि सासूबाईंपाशी तेव्हा कोण होतं. शून्य असेल तर शून्य लिहा. महिन्याने वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते पुढची पानं बघतील. वही उलटी करून त्यांच्या हातात द्या, आणि मिस्टरांनाही त्या दिवशी सोबत न्या.